पोवळीची सासू

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा समुद्र आजच्याइतकाच खारट होता की थोडा कमी, हे सांगायलाही आता कोणी उरलेलं नाही. एका राज्याच्या अगदी कडेला, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे मासे मारून जगणाऱ्यांचं एक गाव होतं. सात होड्या, चाळीस घरं, एक पाटील आणि भरपूर मांजरं, एवढाच त्या गावाचा पसारा.

गावात एक रीत होती. समुद्रानं किनाऱ्यावर काही आणून टाकलं, तर ते लगेच उचलून घरी न्यायचं नाही. त्याच्याशेजारी आपला एक दगड ठेवायचा आणि तीन भरत्या थांबायचं. समुद्रानं विचार बदलून वस्तू परत नेली, तर त्याची त्याला. नाही नेली, तर ज्याचा दगड त्याची वस्तू.

रीत चांगली होती, पण माणसं ती माणसंच. एखादा सरळसोट वासा किंवा सुताची गुंडी सापडली, की लोक इकडेतिकडे बघत ती वस्तू पायानं हळूहळू भरतीच्या रेषेबाहेर सरकवत, आणि मग मोठ्या भक्तिभावानं तिच्याशेजारी दगड ठेवत.

मोडक्यातोडक्या वस्तूंसाठी मात्र एवढे कष्ट कोणी घेत नसे. अर्धं वल्हं, भोक पडलेलं मडकं, मान तुटलेली शिशी, किड्यांनी पोखरलेला लाकडाचा ओंडका, हे सगळं वाळूत पडून राही. अशा वस्तूंशेजारी दगड ठेवणारी गावात एकच बाई होती. तिचं नाव पोवळी.

पोवळीचा नवरा होड्या बांधायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती फाटलेली जाळी सांधून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात समुद्रानं टाकलेला कचरा तीन भरत्या राखत बसायची. चौथ्या भरतीला ती तो कचरा पाठीवर घेऊन खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकाळ टोकावर जायची आणि तिथे आधीच्या कचऱ्याला बांधून टाकायची. कशासाठी, असं कोणी विचारलं, तर म्हणायची, समुद्रानं तीनदा विचार करून जे ठेवलं ते टाकून देणारी मी कोण.

असं करता करता त्या टोकावर दोन पुरुष उंचीचं काहीतरी उभं राहिलं. ते काय होतं, यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. किनाऱ्यावरून पाहिलं तर तो बसलेला उंट वाटे. खाडीतून पाहिलं तर केस मोकळे सोडलेली बाई वाटे. आणि डोंगराच्या बाजूनं पाहिलं तर ते हुबेहूब पाटलांसारखं, पण पाठमोऱ्या पाटलांसारखं दिसे. पाटील त्या बाजूनं जायचं टाळत.

आणि वारा सुटला की ते बोलायचं. मडक्यांच्या भोकांतून घूं असा आवाज निघे. शिशा शीळ घालत. शिंपल्यांच्या माळा एखादी बाई रागानं भांडी घासते तशा खडखडत. सगळ्यांत वर एक घंटा होती. मोडक्या डोलकाठीच्या तुकड्याला लटकलेल्या अवस्थेत ती वाहत आली होती. तिच्यात आतून आपटणारी लोळी नव्हती आणि तिला उभी चीर गेली होती. वाऱ्यानं झुलणारं अर्धं वल्हं तिच्यावर आपटलं, की ती मोठ्या रुबाबात ‘खण्ण’ अशी सुरुवात करी आणि लगेच ‘फस्स’ करून खाली बसे, जणू कोणाला तरी झापायला उठली आणि कशासाठी ते विसरली.

दिवसभर कुरकुर, आणि कशावरून ते कोणाला कळायचं नाही. म्हणून गावानं त्या सगळ्या डोलाऱ्याचं नाव ठेवलं पोवळीची सासू. पोवळीला त्याचं वाईट वाटलं नाही. माझी खरी सासू याहून जास्त बोलायची, पोवळी सांगायची, आणि तिला वाराही लागायचा नाही.

होड्या परत येत तेव्हा खाडीचं तोंड दिसायच्या आधीच सासूची कुरकुर ऐकू येई. मग वल्हं मारणारा कोणीतरी कपाळाला हात लावून म्हणे, “सासू बोलाया लागली. घर आलं.” बाकीचे हसत. याहून अधिक विचार त्यावर कोणी केला नव्हता.

पोवळीच्या बांधण्यात मात्र एक गोष्ट अशी होती, की ती बघून गावातल्या भल्या भल्या पुरुषांना कसंतरी व्हायचं. तिच्या गाठी ढिल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण त्या गावात गाठीला फार मान होता. मुलगी देताना तिथे मुलाचं घर बघत नसत. त्याच्या हातात दोरी देत आणि म्हणत, मार गाठ. गाठ सुटली, तर लग्नही सुटलं. अशा गावात पोवळी प्रत्येक गाठीत मुद्दाम दोन बोटं जागा सोडायची. टोकावरून जाणाऱ्या माणसाला ती ढिलाई बघवायची नाही. तो चार पावलं पुढे जाई, परत येई, आणि एखादी तरी गाठ आवळूनच पुढे जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी पोवळी ती गाठ पुन्हा ढिली करी. जाळ्याची गाठ घट्टच हवी, ती म्हणायची, पण आवळून बांधलं की ना माणूस बोलतो ना वस्तू.

सासूमुळे सगळ्यांत जास्त छळ झाला तो पाटलांचा. त्यांना दुपारी जेवल्यावर झोपायची सवय होती आणि त्यांचं घर टोकाच्या सगळ्यांत जवळ होतं. डोळा लागतो न लागतो, तोच खण्ण. पाटील उठून बसत. फस्स. पाटील आडवे होत. पुन्हा खण्ण. शेवटी एके दुपारी ते तणतणत टोकावर गेले, ती घंटा डोलकाठीच्या तुकड्यासकट ओढून काढली आणि समुद्रात भिरकावून दिली.

पोवळी काठावर जाळं सांधत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि एवढंच म्हटलं, की ठीक आहे, आता तीन भरत्या बघू.

दुसऱ्या भरतीला घंटा परत आली, तीही पाटलांच्या दारासमोर. पाटलांनी ती उचलली, होडीत घातली, कोसभर आत नेली आणि सोडून दिली. त्यांचा जीव भांड्यात पडला. चार दिवसांनी त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, हरबाचं, जाळं वर ओढायला तिघं जण लागले. केवढा मोठा मासा लागला म्हणून सगळे वाकून बघू लागले, तर जाळं टराटरा फाडून आतून घंटा वर आली. जाळं सांधायला अर्थातच पोवळीकडे गेलं. तिनं जाळं परत दिलं आणि घंटा ठेवून घेतली. त्या दिवसापासून पाटलांनी हात टेकले आणि ते कानात कापूस घालून झोपू लागले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण एक बांगड्या विकणारा फिरत फिरत राजधानीला गेला, आणि बांगड्या भरता भरता त्यानं राणीच्या दासीला सांगितलं, की समुद्राकाठी एका गावात गाणारी मूर्ती आहे. दासीनं राणीला सांगितलं, राणीनं राजाला. राजाच्या वाड्यात मूर्ती पुष्कळ होत्या, पण त्या गप्प असत. गवईही पुष्कळ होते, पण ते गप्प बसत नसत. मनाला येईल तेव्हा आपणहून गाणारी मूर्ती कशी असते, ते बघायची राजाला फार हौस वाटली. येत्या पौर्णिमेला सकाळी येतो, असा त्यानं पाटलांना निरोप धाडला.

निरोप ऐकून पाटलांची आधी पाचावर धारण बसली आणि मग छाती फुगली. कालपर्यंत जिच्या नावानं ते बोटं मोडत होते, तिला ते आता आमची सासूबाई म्हणू लागले. त्यांनी गाव गोळा केलं आणि सांगितलं, की राजासमोर हा असला मोडका अवतार चालायचा नाही. भोकं बुजली पाहिजेत, चिरा सांधल्या पाहिजेत, आणि त्या गाठी, त्या गाठींची तर लाज वाटते.

गाव कामाला लागलं. कुंभारानं मडक्यांची सगळी भोकं चिकणमातीनं लिंपून घेतली. शिशांमध्ये धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी नारळाच्या काथ्याची बुचं मारली. शिंपले घासून ओळीनं दोरीला जखडले. तांबटानं घंटेची चीर डाग देऊन अशी सांधली, की बोट फिरवलं तरी लागू नये, आणि वर तिला नवी कोरी लोळी बसवली. आणि गाठी तर गावातला प्रत्येक पुरुष येऊन आवळून गेला. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेली इच्छा पुरी करून घेताना त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं, ते त्यांच्या लग्नातही कोणी पाहिलं नव्हतं. वरून पाणी शिंपडलं, म्हणजे काथ्याच्या दोऱ्या आणखी घट्ट बसाव्यात.

पोवळी दिवसभर एकेकाला विनवत फिरली. शेवटी ती पाटलांसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांचं काम डोळ्यांदेखत परकं होत होतं आणि तिला रडू येत होतं, पण ती रडली नाही.

“पाटला, ऐक. ती अशानं गप्प होईल.”

“काकी, राजासमोर गप्प बसणारी सासू,” पाटील म्हणाले, “याहून चांगलं काय पायजे?”

पण हे ते चेष्टेनं म्हणाले. मनातून त्यांची खात्री होती, की भोकं बुजवलेली, सांधलेली, आवळलेली सासू आता गोड गाईल. ते तपासून बघायची सोय नव्हती, कारण ते दोन दिवस वारा पडला होता. पोवळीला त्यांनी मसाला वाटायला बसवून टाकलं.

पौर्णिमेच्या सकाळी अंधार सरता सरता पाटलांनी साती होड्या समुद्रात धाडल्या. राजाच्या पानात ताजे मासे पडले पाहिजेत, तेही ओहोटी लागायच्या आत, कारण ओहोटीला खाडीच्या तोंडातले खडक वर येतात आणि होडी आत येत नाही. हरबाला त्यांनी बजावलं, की तू सगळ्यांत लांब जा आणि सगळ्यांत मोठा मासा आण. हरबा गेला.

राजा आला. पालखीत हलून हलून त्याला मळमळत होतं, पण सासू पाहताच तो खूश झाला. उन्हात ती लखलखत होती. राजानं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि हा बसलेला हत्ती फार सुंदर आहे, असं सांगितलं. पाटलांनी लगेच होकार दिला. मग राजा तिवईवर बसला, कान टवकारले आणि म्हणाला, “गाऊ दे.”

तेवढ्यात समुद्राकडून वारा सुटलाच. सगळ्यांनी श्वास रोखले. वारा सासूच्या अंगावरून गेला, राजाचा शेला उडवला आणि डोंगराकडे निघून गेला. सासूनं चकार शब्द काढला नाही.

घंटाही गप्प होती, कारण तिच्यावर आपटणारं वल्हं कोणीतरी बारा वेढे देऊन बांधून टाकलं होतं, आणि नवी लोळी इतकी जड होती की ती एवढ्याशा वाऱ्याला दाद देईना.

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. ती जरा लाजते आहे, असं राजाला सांगून ते खोकत खोकत मागे सरकले, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून खडकाच्या आड जाऊन बसले. तिथे त्यांनी, वेळ आलीच तर असावा म्हणून, धोतरात लपवलेला शंख बाहेर काढला आणि फुंकायला सुरुवात केली. राजानं डोळे मिटले. हत्तीचा आवाज जरा धापा टाकल्यासारखा येतो, तो म्हणाला, पण आहे खरा भारदस्त.

पाटील फुंकत राहिले. आणि ते फुंकत असतानाच समुद्रावरून धुकं आलं. माघातल्या सकाळी त्या बाजूला असं धुकं कधी कधी येतं. आधी क्षितिज गेलं, मग लाटा गेल्या, मग दहा हातांवरचा खडकही दिसेना. धुक्याच्या मागून मंद वारा वाहतच होता.

आता त्या गावच्या समुद्रातली एक रीत सांगायला हवी. धुक्यात होड्या एकमेकींवर आदळू नयेत, म्हणून प्रत्येक होडीवर एक शंख असे. शंख वाजला, की त्याचा अर्थ एवढाच, की इथे होडी आहे, तुम्ही दुसरीकडे वळा. लहान मुलालाही हे ठाऊक होतं. पाटलांनाही ठाऊक होतं, पण पाटील त्या वेळी राजासाठी गात होते.

पोवळी पाट्यावर वाटण वाटत होती. तिचा हात थांबला. धुक्यातून होड्यांचे शंख ऐकू येत होते, ते बरोबर होतं. पण ते जवळ येण्याऐवजी लांब लांब जात होते. आणि दर वेळी टोकावरून एक शंख वाजला, की ते आणखी लांब जात. तिनं पदराला हात पुसले, कमरेला कोयती खोचली आणि ती टोकाकडे धावली. तिला धावताना गावानं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

खडकाच्या आड तिला पाटील सापडले. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले.

“फुंकणं बंद कर, पाटला,” ती म्हणाली. “तू पोरांना हाकलतोयस.”

पाटलांच्या हातून शंख गळून पडला. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. आज सकाळी आपण कोणाला सगळ्यांत लांब पाठवलं आहे, तेही आठवलं.

राजा खडकाला वळसा घालून आला. त्यानं शंख पाहिला, पाटलांचे लाल गाल पाहिले आणि हत्तीचा आवाज कुठून येत होता ते त्याला समजलं. पण रागवायला वेळ नव्हता. पोवळी त्याला आणि सगळ्या गावाला एकदमच सांगत होती, की पोरांना खाडी दिसत नाही, ती सासूच्या आवाजावर घरी येतात, रोज येतात, त्यांना स्वतःलाही हे माहीत नाही. आज ती गप्प आहे. आणि ओहोटी लागायला फार वेळ उरलेला नाही.

गावातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासू बोलायला लागली, घर आलं, हे त्यांनी आपापल्या नवऱ्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यांना ते गाऱ्हाणं वाटत आलं होतं.

मग जी मोडतोड सुरू झाली, तशी त्या गावानं पुन्हा पाहिली नाही. काल जो तो जे नीट करून गेला होता, तेच आज मोडायला धावला. कुंभार स्वतःच्याच लिंपणावर बुक्के मारू लागला. पोवळी सपासप दोऱ्या कापत सुटली. राजाबरोबर आलेल्या शिपायांनी त्याची तलवार मागितली, पण ती चार पिढ्या म्यानातून निघाली नव्हती आणि आताही निघाली नाही, तेव्हा शिपाई दातांनी गाठी सोडू लागले. गाठी कशा सुटणार? गावातल्या एकेका पट्टीच्या माणसानं त्या मारल्या होत्या. शिपायांचे दात दुखले आणि त्यांनी त्या गावच्या गाठींबद्दल जे उद्गार काढले, ते इथे लिहिता येत नाहीत.

राजा मध्येच उभा होता. मी काय करू, असं त्यानं विचारलं. पोवळीनं वळून न बघता शिशांकडे बोट दाखवलं. राजा शिशांची बुचं काढू लागला. पाच निघाली. सहावं आत घसरलं, म्हणून त्यानं करंगळी घालून ते वर ओढलं. बूच बाहेर आलं, करंगळी मात्र आतच राहिली. पण तेव्हा ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तो गुपचूप शिशीसकट पुढच्या कामाला लागला.

हळूहळू सासू जागी झाली. आधी एक मडकं घुमलं. मग शिंपले खडखडले. मग शिशा शीळ घालू लागल्या, एक सोडून. वल्ह्याची शेवटची दोरी तुटली, ते झुलून घंटेवर आपटलं आणि घंटा वाजली. सगळा आवाज कानठळ्या बसवणारा, बेसूर आणि भांडकुदळ होता. तो ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

धुक्यातून कोणाचा तरी आवाज आला, “सासू बोलली रे.” पाठोपाठ एक होडी धुक्यातून बाहेर आली आणि खाडीत शिरली. मग दुसरी. मग दोन एकदम. पाचवी, सहावी.

सातवी आली नाही. हरबाचा शंख फार लांबून, अगदी बारीक ऐकू येत होता, आणि तो अजूनही लांबच चालला होता. खाडीच्या तोंडात पहिला खडक पाण्याबाहेर डोकावू लागला.

पोवळी घंटेकडे बघत उभी राहिली. वल्हं आपटत होतं आणि सांधलेली घंटा ठण ठण असा सुरेल, गोड नाद करत होती. तिला कळलं. उत्तरेला शेजारच्या गावाचं देऊळ होतं. त्याची घंटाही अशीच गोड होती, आणि त्या देवळाच्या खाली समुद्रात दातांसारखे सुळके होते. गोड घंटा ऐकली की लांब राहायचं, हे होडी चालवणारा प्रत्येक तांडेल आपल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवत असे. जवळच्या होड्यांना मडकी आणि शिंपले ऐकू आले होते. इतक्या लांब फक्त घंटा पोचत होती, आणि ती हरबाला सांगत होती, की इकडे येऊ नकोस.

“चीर पायजे,” पोवळी म्हणाली. “पाटला, चीर पाड.”

पाटील सासूवर चढले. घंटेशेजारी वाळूच्या रंगाचा एक दगड खोचलेला होता. पोवळीनं तीन भरत्या राखताना ठेवलेला, मग आठवण म्हणून वर आणलेला. पाटलांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि घंटेवर घातला. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या घंटेला त्यांनी दोनदा बुडवलं होतं, तिच्यासमोर ते म्हणत होते, “फूट गो बाय, फूट.” चौथ्या घावाला तांबटाचा डाग उखडला आणि चीर मोकळी झाली. पाटलांनी लोळी उपटून काढली आणि बाजूला झाले. वल्हं आपटलं.

खण्ण. फस्स.

सगळं गाव कान देऊन उभं राहिलं. पुन्हा खण्ण, पुन्हा फस्स. लांबचा शंख थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो पुन्हा वाजला, आणि या वेळी तो जरा मोठा होता. पाटील खाली उतरले आणि खडकावर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

दोन खडकांमध्ये जेमतेम एका होडीची वाट उरली होती, तेव्हा हरबा तिच्यातून आत आला. होडीची एक बाजू खरवडून निघाली. होडीत एक प्रचंड मोठा मासा होता. हरबानं उतरल्या उतरल्या बापाला विचारलं, की सासू सकाळपासून गप्प का होती, गावात कोणी गेलं की काय. मी म्हटलं, तो पुढे म्हणाला, जाळं फाडणारी ती माझी घंटा ऐकू येईपर्यंत वळायचंच नाही. पाटलांनी त्याला पोटाशी धरलं. त्यांना बोलता येईना, आणि तसंही त्या दिवशी त्यांनी पुरेसं फुंकलं होतं.

जेवणं झाली. राजा डाव्या हातानं जेवला, कारण उजव्या हाताला शिशी होती. खोबरेल तेल झालं, साबण झाला, पण करंगळी सुजली होती आणि शिशी निघेना. फोडावी तर बोट कापायची भीती. राजानं मग पोवळीला बोलावून मोठ्या मनानं विचारलं, की तुला काय बक्षीस हवं.

“माझी शिशी परत द्या, महाराज. तिच्यावाचून एक शीळ कमी पडतेय.”

राजानं हात वर करून दाखवला. पोवळीनं निरखून बघितलं, एक दगड आणून राजाच्या पायाशी ठेवला आणि त्याला टोकावर बसायला सांगितलं.

“तीन भरत्या थांबा,” ती म्हणाली. “मग शिशी माझी, बोट तुमचं.”

असा राजा तीन भरत्या त्या टोकावर बसून राहिला. काही काम नव्हतं, म्हणून तो ऐकत बसला. पहिल्या भरतीला त्याला तो गोंगाट वाटला. दुसऱ्या भरतीला त्यातली मडकी, शिंपले आणि घंटा वेगवेगळी कळू लागली. तिसऱ्या भरतीला त्यानं डोळे मिटून सांगितलं, की वारा आता नैर्ऋत्येकडे वळला, आणि तो खरंच वळला होता. त्याच वेळी सूज उतरली आणि करंगळी अलगद बाहेर आली. राजानं स्वतःच्या हातानं ती शिशी जागेवर बांधली. गाठ अर्थातच ढिली आली, कारण राजाला गाठ मारता येत नव्हती. पोवळीनं ती तपासली आणि म्हणाली, की या गावात शिकणारा एकच माणूस निघाला.

जाताना राजानं एक हुकूम काढला. गावातले पुरुष जाता येता गाठी आवळणारच, त्यांच्या हाताला ती खोड होती. म्हणून दर आठवड्याला सगळ्या गाठी दोन बोटं ढिल्या करायचं काम त्यानं पाटलांवर सोपवलं. पाटलांनी ते शेवटपर्यंत चोख केलं. कानातला कापूस त्यांनी कधीच टाकून दिला होता. दुपारी जेवून ते सासूच्या पायथ्याशी सावलीत आडवे होत आणि त्या खणखणाटात ढाराढूर घोरत. फक्त वारा पडला आणि सासू गप्प झाली, की ते दचकून उठत आणि समुद्राकडे बघत होड्या मोजत.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा: मोडकी वस्तू नीट करायला घेण्याआधी, ती मोडकी राहून काय काम करते आहे ते कान देऊन ऐकावं.